फलकावर चेहरा आहे, सही कुठे आहे?

(बार्शी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा फ्लेक्स चौकात लागला आहे. वर वक्त्यांचे फोटो, खाली देणगीदारांची नावे, मध्ये विषय : ‘शहरातील फलक आणि नगरपालिका’. येताना थांबून मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. नगरपरिषदेचा परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख कुठे सापडली नाही. कार्यकर्त्यांना विचारले, तर एकजण म्हणाला, “सर, पावती फाडलीय, पण नंबर डिझाइनवाल्याला द्यायचा राहिला.” पावती फाडली हेही कमी नाही. या विषयावर बोलायला आलेल्या माणसाची सुरुवात यापेक्षा बरी होऊ शकली नसती.

हा क्रमांक छापायचा आग्रह माझा नाही, मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. आणि तो मुंबईत उगवलेला नाही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशन या संस्थेने २०११ साली जनहित याचिका केली. प्रतिवादी कोण, तर साताऱ्याचे जिल्हाधिकारी. आपल्यासारख्याच मुंबईबाहेरच्या एका गावातल्या लोकांना रस्त्यावरचे बेकायदा फलक बघवेनात, म्हणून ते कोर्टात गेले. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ३१ जानेवारी २०१७ रोजी निकाल दिला आणि तो साताऱ्यापुरता ठेवला नाही. राज्यातल्या सगळ्या महापालिका आणि नगरपरिषदांना लागू केला. बेकायदा फलक शोधून काढा, ते काढून टाका, तक्रारीसाठी टोल-फ्री नंबर द्या, गुन्हे नोंदवायला अधिकारी नेमा, आणि प्रत्येक फलकावर परवान्याचा तपशील व मुदत दिसली पाहिजे, असा त्याचा आशय. शेवटची अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. कारण तिच्यामुळे तपासणी करायला अधिकारी लागत नाही. रस्त्याने जाणारा कोणीही शाळकरी पोरगा फलक कायदेशीर आहे की नाही हे वाचू शकतो. निकालाला इतकी वर्षे झाली. आज घरी जाताना वाटेतले फलक वाचत जा, मग त्या अटीचे काय झाले ते मी सांगायला नको.

आता ‘फलक’ म्हटले की आपण सगळे एकाच पोत्यात भरतो. दुकानाची पाटी, गच्चीवरचे लोखंडी होर्डिंग आणि चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स या तीन निराळ्या वस्तू आहेत. त्यांचे कायदे निराळे, धोके निराळे, आणि त्यांच्यामागची माणसेही निराळी. गंमत अशी, की सगळ्यांत कमी धोका ज्या वस्तूचा, तिच्यामागे कायदा सगळ्यांत जोरात लागतो.

दुकानाच्या पाटीपासून सुरू करू, कारण बार्शी हे मुळात पेठेचे गाव. १८९७ साली कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोड स्टेशनाहून, अडीच फुटी रुळांवरची लाइट रेल्वे इथे आली. १९११ पर्यंत ती लातूरला पोहोचली. बालाघाटाकडची तूर, उडीद, ज्वारी, करडई इथे उतरू लागली, आणि आडत पेठ वाढली. ज्यांनी ती जुनी पेठ पाहिली आहे त्यांना तिथली पाटी आठवत असेल. दुकानाच्या दारांएवढी रुंद, दोन-अडीच फूट उंच, जाड पत्र्याची. निळी जमीन, पांढरी अक्षरे, अक्षरांना लाल छाया. वर मध्यभागी ‘श्री’. मग पेढीचे नाव, बहुधा बापाचे किंवा आजोबांचे. त्याखाली ‘भुसार मालाचे व्यापारी व आडते’. एका कोपऱ्यात तीन आकडी फोन नंबर. आणि तळाला, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत, पेंटरची सही. पाटी कोणाची आणि रंगवली कोणी, दोन्ही तिथेच. पाटी पडली, तर जायचे कुठे हे विचारावे लागत नव्हते. ती ज्याच्या दारावर होती तो आत गादीवर बसलेला असे.

या पाटीवर सध्या कायद्याची सगळ्यांत बारीक नजर आहे. २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम मूळचा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. बार्शीतल्या बहुतेक दुकानांत मालक, मालकाचा मुलगा आणि दोन पोरे. म्हणजे ही दुकाने त्याच्या बाहेर. मार्च २०२२ मध्ये त्यात कलम ३६क आले आणि नावाच्या पाटीपुरती ही सूट संपली. कामगार एक असो की शंभर, पाटी मराठीत, देवनागरी लिपीत. दुसरी भाषा वापरायची तर मराठी आधी, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे, जी हायवेवरच्या परमिट रूमवाल्यांनी वाचावी : जिथे मद्य मिळते त्या ठिकाणाला महनीय व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येत नाहीत. दारूच्या बाटल्यांमागे ‘हॉटेल शिवनेरी’ असे वाचून ज्यांचे डोके सणकत होते, त्यांना हे बरे वाटले असेल. मला स्वतःला वाटले.

मराठी पाटीची सक्ती या दुरुस्तीआधीही नियमांत होती, आणि मुंबईतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने तिला आव्हान दिले होते. उच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०२२ रोजी याचिका फेटाळली, वर पंचवीस हजारांचा खर्च बसवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांत पाट्या बदला असे सांगण्यात आले. मग काचा फुटण्याच्या भीतीने का होईना, पाट्या बदलल्या. बार्शीत या वादाची धग फारशी लागली नाही. इथली पाटी मराठीच होती. ‘जनरल स्टोअर्स’ आणि ‘क्लॉथ सेंटर’ लिहिले तरी ते देवनागरीतच, कारण गिऱ्हाईक वैराग, पांगरी, परांड्याचे. व्यापारी शहाणा असतो. गिऱ्हाईक जी अक्षरे वाचते ती तो लिहितो.

भाषेच्या मुद्द्यावर मी आज फार थांबणार नाही. फक्त एक खटला सांगतो, कारण तो नगरपरिषदेच्याच पाटीचा आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या नव्या इमारतीवर मराठी नावाखाली उर्दूतही नाव लिहिले होते. ते काढावे म्हणून एका माजी सदस्या थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की मराठी आहेच; तिच्या जोडीला आणखी एका भाषेत लिहायला कायद्याची मनाई नाही. म्हणजे व्यापाऱ्याला जे लागू, तेच नगरपालिकेच्या दारावरही लागू झाले.

तर ही झाली पाटी. तिच्यावर मालकाचे नाव आहे, पत्ता आहे, ती जमिनीपासून दहा-बारा फुटांवर भिंतीला ठोकलेली आहे. तिने फूटपाथ अडवला किंवा ती रस्त्यावर हातभर पुढे आली, तर नगरपालिकेने जरूर बोलावे. पण तिच्यासाठी माझा नियम सोपा राहील : दुकानाच्या रुंदीच्या हिशेबात पाटी लावा आणि व्यापार करा. ब्राझीलमधल्या साओ पावलो या महानगराने हे आकड्यांत बसवले आहे. १ जानेवारी २००७ पासून त्यांनी ‘स्वच्छ शहर’ कायदा लागू केला आणि सुमारे पंधरा हजार जाहिरात फलक उतरवले. दुकानाच्या स्वतःच्या पाटीला मात्र माप दिले : दर्शनी भाग दहा मीटरच्या आत असेल तर पाटी दीड चौरस मीटर. बस. फलक उतरल्यावर तिथल्या लोकांना जाहिरातींच्या मागे दडलेल्या झोपड्या आणि अंधाऱ्या शिवणखान्यांची ओळ दिसली, असे तेव्हा बरेच छापून आले होते. आपल्याकडे फ्लेक्स उतरवले तर मागे काय दिसेल? बहुधा दुसरा फ्लेक्स.

आता चौकाकडे वळू.

फ्लेक्स आला तो या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी फलक रंगवायला पेंटर लागायचा, त्याला चार दिवस लागायचे, आणि चेहरा हुबेहूब काढणारा पेंटर तालुक्यात एखादाच. त्यामुळे चौकात चेहरे कमी होते. यंत्र आले आणि चेहरा स्वस्त झाला. आज चौरस फुटाला दहा-बारा रुपयांत रात्री फोटो पाठवला की सकाळी फ्लेक्स तयार. निवड, नियुक्ती, वाढदिवस, दहावी-बारावीचा निकाल, नीट-जेईईचा निकाल, बोअरवेल, साखरपुडा, श्रद्धांजली. बार्शीत दवाखाने आणि क्लासेस हे दोन मोठे धंदे आहेत. परांडा, भूम, वाशी, माढा, करमाळा इथून रुग्ण आणि विद्यार्थी दोन्ही इथे येतात. म्हणून आपल्या फ्लेक्सवर एकीकडे टक्केवारीसह मुलांचे फोटो आणि दुसरीकडे मूतखड्याचा फोटो. त्या मुलामुलींना विचारून फोटो लावतात का, हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

या फ्लेक्सवर किती नावे असतात पाहा. मध्यभागी भाऊ, दादा किंवा आबा. वरच्या पट्टीत नेत्यांची रांग, ज्येष्ठतेप्रमाणे डावीकडून. खालच्या बाजूला पासपोर्ट आकाराचे तीस-चाळीस शुभेच्छुक. शेवटी ‘समस्त मित्रमंडळ’. कोपऱ्यात छापणाऱ्याचा मोबाइल. एवढी माणसे, आणि हा फ्लेक्स वाऱ्याने सुटून मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर आला, तर त्यातला एकही सापडत नाही. भाऊ म्हणतात, पोरांनी लावला, मला माहीतच नाही. पोरे म्हणतात, मंडळाने लावला. मंडळाची नोंदणीच नसते. छापणारा म्हणतो, मी फक्त छापतो. सगळे कानावर हात ठेवून मोकळे.

हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही. १२ सप्टेंबर २०१९ रोजी चेन्नईत सुभश्री नावाची तेवीस वर्षांची मुलगी कामावरून स्कूटरवर घरी चालली होती. दुभाजकावर लावलेला लग्नाचा बॅनर सुटून तिच्या अंगावर आला, ती पडली, मागून पाण्याचा टँकर आला. लग्न एका राजकीय पदाधिकाऱ्याच्या घरचे होते. बॅनर साधा कापडी-प्लास्टिकचा. लोखंड नाही, गच्ची नाही. वजनाचा धोकाच नव्हता. धोका होता तो जागेचा.

जागेबद्दल नियम आहेत आणि ते आजचे नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७२ साली रस्त्याकडेच्या जाहिरातींसाठी धोरण ठरवून दिले. चौक, पूल यांच्यापासून शंभर मीटरच्या आत जाहिरात नको. शहरात, दृष्टी अडत नसेल तर, हे अंतर पन्नास मीटरपर्यंत आणता येईल. आता पांडे चौक घ्या किंवा तेलगिरणी चौक घ्या. फ्लेक्स लावणारा नेमके हेच पन्नास मीटर शोधत असतो! कारण तिथे गाड्या थांबतात, माणसे बघतात. जिथे ड्रायव्हरने आडव्या येणाऱ्या पोराकडे बघायला हवे, तिथेच आपण त्याला भाऊंकडे बघायला लावतो. एसटी वळताना तिच्या आरशात फ्लेक्सच दिसतो.

मग शिक्षा काय? राज्यात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. लोकांच्या नजरेला पडणारी जागा विद्रूप केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैद कोणाला होत नाही, तेव्हा दंडच धरू. आता माझा अभियंत्याचा, म्हणजे हिशेबाचा पेशा आहे, म्हणून हिशेब करतो. वीस बाय दहाचा फ्लेक्स, दोनशे चौरस फूट. बारा रुपयांनी चोवीसशे रुपये नुसती छपाई. त्यावर बांबू, मजुरी, फटाके, हार, डीजे. म्हणजे गुन्ह्याचा सगळ्यांत मोठा दंड छपाईच्या खर्चापेक्षाही कमी. १९९५ मधल्या दोन हजारांना काही वजन होते; आज ती रक्कम कार्यक्रमाच्या खर्चात ‘किरकोळ’ म्हणून लिहिता येते.

याहून अवघड जागेचे दुखणे असे, की फ्लेक्स काढणारा माणूस कोणाचा? नगरपरिषदेच्या आरोग्य किंवा अतिक्रमण विभागाचा कर्मचारी, ज्याची बदली, हजेरी, पगारवाढ कोणाच्या हातात आहे ते आपल्याला ठाऊक आहे. फ्लेक्सवरचा माणूस आज नगरसेवक आहे, उद्या होणार आहे किंवा काल होता. मी कोणा एका पक्षाचे नाव घेत नाही, कारण एक घेतले तर बाकीच्यांवर अन्याय होईल. २०२४ च्या अखेरीस उच्च न्यायालयानेच कंटाळून राजकीय पक्षांना विचारले, की तुम्ही हमी देऊनही फलक लागतात, तर तुमच्यावर अवमानाची कारवाई का करू नये? कोर्टावर ही पाळी आली, कारण मधल्या पायरीवरच्या सगळ्यांची तेरी भी चूप, मेरी भी चूप चालू आहे.

सण, उत्सव, जयंत्यांचे फ्लेक्स लावूच नयेत असे मी म्हणत नाही. लोकांना आपला आनंद चौकात दाखवावासा वाटतो, ही काही वाईट गोष्ट नाही. परवानगी घ्या, पैसे भरा, तीन दिवसांनी स्वतः काढा. काढलेले फ्लेक्स वाया जात नाहीत, हेही सांगतो. बाजार समितीत अचानक पाऊस आला की ज्वारीच्या थप्प्यांवर जे पांघरूण पडते ते नीट बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छांसह चारदोन माजी-आजी सभापती उताणे पडलेले असतात. रानात कडब्याच्या गंजीवरही तेच. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर केंद्राने १ जुलै २०२२ पासून बंदी घातली आहे. पण शेतकऱ्याला जाडच हवा असतो, त्यामुळे त्याचे काही अडत नाही.

आता तिसरी वस्तू, लोखंडी होर्डिंग. हे दिवस वळवाचे आहेत, म्हणून इथे मला जरा थांबावे लागेल.

होर्डिंग उभे करताना लोक पत्र्याचे आणि लोखंडाचे वजन मोजतात. वजनाने होर्डिंग पडत नाही. ते वाऱ्याने पडते. खळ्यावर उफणताना सूप वाऱ्याला आडवे धरले की हाताला जो ओढा लागतो, तोच ओढा, फक्त सूप तेवढे दोनशे चौरस फुटांचे. अभियंत्याचे सूत्र अगदी साधे आहे : वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर, त्याचा वर्ग करा, त्याला ०.६ ने गुणा, म्हणजे दर चौरस मीटरवर किती न्यूटन दाब ते आले. ताशी पन्नास किलोमीटरचा वारा वीस बाय दहाच्या फलकावर सुमारे सव्वादोनशे किलोचा रेटा देतो. वारा दुप्पट झाला, ताशी शंभर, तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो : पावणेनऊशे किलो. आकाराप्रमाणे लावायचे गुणक मी धरलेले नाहीत. ते धरले तर आकडा आणखी वाढतो. आणि हा रेटा जमिनीवर नाही, पंचवीस-तीस फूट उंचीवर. गच्चीवर असेल तर त्याहून वर. पायातला बोल्ट गंजलेला असेल, पायाचे काँक्रीट वरवरचे असेल, किंवा गच्चीच्या विटांच्या कठड्यालाच अँगल ठोकलेला असेल, तर अकरा महिने काही होत नाही. बाराव्या महिन्यात दुपारी चारला आभाळ येते, धूळ उठते, आणि लोक आडोसा शोधतात. आडोसा कुठे? फलकाखाली.

१७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे इथे हेच झाले. वादळी वारा आला म्हणून हायवेच्या कडेला पंक्चरच्या दुकानाच्या आडोशाला माणसे थांबली. वर होर्डिंग. पाच गेली. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळले, सतरा माणसे मेली. मुंबईत चाळीस बाय चाळीस फुटांच्या वर परवानगी नाही. हे होते एकशेवीस बाय एकशेवीस. तीनपट नव्हे, क्षेत्रफळाने नऊपट. मघाचेच सूत्र लावा, ताशी शंभरच्या वाऱ्याला त्रेसष्ट टन. एवढा मोठा म्हणून या फलकाची लिम्का बुकात नोंद झाली होती! ज्या गोष्टीसाठी नोटीस निघायला हवी होती, तिच्यासाठी प्रशस्तिपत्र मिळाले.

घाटकोपरची जागा रेल्वे पोलिसांची होती. महापालिकेची परवानगी घेतलेली नव्हती. आणि आता पुण्याचा अपघात ऐका. ५ ऑक्टोबर २०१८, जुन्या बाजाराजवळचा चौक. तिथे वादळ नव्हतेच. रेल्वेच्या जागेतले होर्डिंग काढण्याचे काम चालू होते, आणि ते वरून खाली उतरवण्याऐवजी खालचे लोखंड आधी कापले गेले. सिग्नलला थांबलेल्या रिक्षा-मोटारींवर सांगाडा आला, चार जण गेले. त्या चौकाचे नाव शाहीर अमर शेख चौक. अमर शेख बार्शीचे. १९१६ साली या मातीत जन्मले. मुंबई-महाराष्ट्रासाठी ज्याने रस्त्यावर उभे राहून गळा फाडला, त्याच्या नावाच्या चौकात सिग्नलला उभी असलेली माणसे जाहिरातीच्या सांगाड्याखाली मेली, हे मला अजून पचलेले नाही.

दोन्ही ठिकाणी जागा सरकारी. म्हणजे एका सरकारी खात्याने भाडे घ्यायचे आणि दुसऱ्याने म्हणायचे की आमची हद्द नाही. घाटकोपरनंतर मुंबई महापालिकेला रेल्वेच्या जागेतल्या फलकांसाठी आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन नोटिसा काढाव्या लागल्या. वरातीमागून घोडे, पण वाट तर दाखवली. बार्शीत कोणत्या जागा अशा आहेत ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले सांगाल. एसटी महामंडळाचे आवार आहे, रेल्वेची जागा आहे, बाजार समितीचे आवार आहे, बांधकाम खात्याचे रस्ते आहेत, आणि कुर्डुवाडी रोड, परांडा रोडला गावाची हद्द संपली की ग्रामपंचायती लागतात. वारा हद्द विचारून येत नाही. या सगळ्या जागांतल्या फलकांची एकच यादी नगरपरिषदेत असायला हवी, मग भाडे कोणाच्याही खात्यात जावो.

तुम्ही म्हणाल, एवढे नियम आहेत कुठे? महापालिकांसाठी शासनाने २०२२ साली आकाशचिन्हे व जाहिरातींचे सविस्तर नियम केले. बार्शी महापालिका नाही. ती ‘अ’ वर्ग नगरपरिषद. २०११ च्या जनगणनेत एक लाख अठरा हजार सातशे बावीस वस्ती. आपल्याला १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागू. त्याखाली उपविधी करता येतात, परवाना देता येतो, अटी घालता येतात. बांधणीसाठी राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत दहाव्या भागात फलकांच्या रचनेचे स्वतंत्र प्रकरण आहे. कायद्याची कमतरता नाही. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेला नियम कसा करायचा हे शिकवावे लागू नये.

व्यापारी मित्र विचारतात, की जाहिरात हा आमचा हक्क नाही का? आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच टाटा प्रेसच्या खटल्यात व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्यात जागा दिली. पण २००८ मध्ये तामिळनाडूच्या होर्डिंग नियमांविरुद्ध जाहिरात कंपन्या गेल्या, तेव्हा त्याच न्यायालयाने ते नियम कायम केले. बोलायचा हक्क आहे. वीस टन लोखंड माझ्या डोक्यावर टांगून बोलायचा नाही. बेंगळुरूने ऑगस्ट २०१८ मध्ये सरसकट बंदीचा मार्ग धरला. मला तो बार्शीसाठी पटत नाही. सरसकट बंदी आली की परवाना घेणारा प्रामाणिक माणूस बाहेर जातो आणि रातोरात लावणारा तेवढा उरतो.

आणि पैशाचे काय? पूर्वी नगरपरिषद जाहिरातीवर कर बसवू शकत होती; वर्तमानपत्रातल्या जाहिराती सोडून. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या यादीतली ती नोंदच गेली आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आता उरले ते परवाना शुल्क. कर आणि शुल्क यांत फरक आहे : कर कशासाठीही खर्च करता येतो, शुल्काच्या बदल्यात काही काम करून दाखवावे लागते. फलकांचे शुल्क घेता, तर फलकांची तपासणी केली पाहिजे. हे काम म्हणजे काय, तेही सांगतो, कारण ते फार मोठे नाही. एक अभियंता, एक शिडी, एक पाना, एक कॅमेरा. पायाशी खोदून बोल्ट उघडा करायचा, गंज खरवडून लोखंडाची जाडी मोजायची, वेल्डिंगचे सांधे बघायचे. गच्चीवर असेल तर खालच्या मजल्यावर जाऊन स्लॅबला भेग आहे का ते बघायचे, हे बहुतेक जण विसरतात. बार्शीएवढ्या गावात दोन माणसांना हे एप्रिलमध्ये उरकता येईल. स्थैर्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या अभियंत्यांनाही, म्हणजे माझ्या बिरादरीला, एक सांगणे आहे : जागेवर न जाता ऑफिसात बसून सही ठोकू नका. प्रमाणपत्रासोबत पायाचा तारखेसह फोटो जोडायची अट परवान्यात घाला. निम्म्या सह्या आपोआप थांबतील.

शेवटी प्रश्न राहतो, की हे करवून कोण घेणार? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याला साध्या कागदावर तीन गोष्टी विचारा. आजच्या तारखेला शहरात परवानगी दिलेले फलक किती आणि कुठे, जागामालकाच्या नावासह यादी. गेल्या आर्थिक वर्षात फलकांचे शुल्क किती जमा झाले आणि त्यातून तपासणीवर किती खर्च झाला. आणि दहा फुटांपेक्षा उंच प्रत्येक लोखंडी सांगाड्याची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, प्रमाणपत्रावर सही कोणाची, त्याची प्रत. कायद्याने उत्तराला तीस दिवस आहेत. अर्ज एकट्याने करू नका. व्यापारी संघटनेने एक करावा, रिक्षा स्टँडवाल्यांनी एक करावा, कारण फलकाखाली दिवसभर तेच उभे असतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे आले, तर अपील तिथल्या तिथे लिहा आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून.